गिटारच्या तारा घरीच बदलायच्यात, कुठून सुरू करू?

हवशी_वादक
मंडळी नमस्कार. मामेभाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना त्याची अकूस्टिक गिटार आमच्याकडं टाकून गेला. कपाटावर पडून पडून तारांचं पार वाटोळं झालंय, वाजवली की बोटं काळी होतात, सगळ्यात बारकी तार तर तुटूनच गेलीय. राजारामपुरीत एका दुकानात विचारलं तर म्हणाले ठेवून जा, चार दिवसांनी या, करून ठेवतो. पण मला वाजवायला शिकायचंच आहे तर हे पण शिकून घ्यावं म्हटलं, दर वेळी कुठं पळायचं. तर सगळ्या तारा एकदम काढायच्या का एक काढून एक बसवायची? आणि दुकानदार दहाच्या देऊ का बाराच्या असं विचारत होता, ते काय प्रकरण आहे? ट्यूनिंगसाठी मोबाईलवर ॲप घेतलंय पण त्यातली सुई नुसती नाचते. आजोबा म्हणतात ॲपबिप कशाला, घरात पेटी आहे की, तिच्यावर लाव. आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, पण गिटारला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. काय करू?

रंकाळा_रिटर्न्स
दुकानात दे आणि त्या चार दिवसांत मिसळ खा. विषय संपला.

सातवी_गल्ली
आला का तू @रंकाळा. तो शिकायचं म्हणतोय की लगा.

हवशी, तारा विकत घ्यायच्या आधी गिटार नीट बघ. बारक्या तीन तारा पारदर्शक प्लास्टिकच्या दिसत असतील तर ती नायलॉनची, क्लासिकल गिटार. तिला स्टीलच्या तारा अजिबात लावायच्या नाहीत. बाराच्या स्टील सेटचा सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या पुढं जातो, नायलॉनचा ४० च्या आसपास. क्लासिकलची मान आणि पुढची फळी त्या ओढीसाठी बनवलेलीच नसते, ब्रिज (खाली तारा ज्यावरून जातात ती लाकडी पट्टी) उपटून हातात येतो. सगळ्या स्टीलच्या असतील तर पुढं वाच.

दहा-बारा म्हणजे सगळ्यात बारक्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. दहाची म्हणजे ०.०१० इंच. बाराच्या सेटचा आवाज भरदार पण नवीन माणसाची बोटं सोलून काढतो, दहाच्या दाबायला सोप्या, आवाज जरा पातळ. तू दहाच्या घे.

काढताना आधी खुंटी फिरवून तार पूर्ण ढिली कर, ताणलेली तार कटरनं कापायची नाही, टोक डोळ्यात जाईल. मग खालच्या ब्रिज पिना काढायच्या. पिन अडकली तर पक्कड लावू नकोस, साउंड होलमधून (मधल्या गोल भोकातून) हात आत घालून खालून ढकल, येते. नवीन तारेच्या टोकाला बारकी गोळी असते, ते टोक भोकात घाल, पिन दाब आणि दाबतानाच तार वर ओढून बघ, म्हणजे गोळी आतल्या फळीखाली अडकते. गोळी पिनच्या टोकावरच बसून राहिली तर ताण आल्यावर पिन फाटकन उडते. वरती खुंटीच्या भोकातून तार ओवायची, ताठ धरायची, मग पुढच्या खुंटीपर्यंत जेवढं अंतर आहे त्यापेक्षा थोडी जास्त ढील सोडायची आणि गुंडाळायची. जाड तारांना दोन-अडीच वेढे, बारक्यांना तीन-चार, प्रत्येक वेढा आधीच्या खाली. तार डोक्याच्या मधल्या बाजूनं खुंटीवर चढली पाहिजे, बाहेरच्या बाजूनं नाही. उरलेलं टोक आधी मुरडायचं आणि मगच कापायचं, जाड तारा तशाच कापल्या तर वरची गुंडाळी आतल्या तारेवरून सुटते आणि नवीकोरी तार भद्द वाजते.

बोटं_सोललेली
पिन उडते हे १०० टक्के खरं. आमच्या हॉस्टेलवर एकाची उडाली ती अजून सापडलेली नाही, पेन्सिलचा तुकडा खोचून वाजवतोय गडी.

पन्हाळा_साइड
@सातवी_गल्ली, दहाच्या कशाला? नवीन माणसाला सुरुवातीपासून बाराच्या द्याव्यात, बोटं एकदा घट्ट झाली की जन्माची झाली. दहाच्यावर शिकलेले लोक नंतर दुसऱ्याची गिटार हातात आली की रडतात.

सातवी_गल्ली
बोटं घट्ट व्हायच्या आधीच पोरगं गिटार कपाटावर ठेवतं त्याचं काय? हवशीचा मामेभाऊ बघ की, कपाटावरच ठेवून गेलाय 😄

हवशी_वादक
😂 त्याच्या गिटारला बाराच्याच असणार मग.

पन्हाळा_साइड
मग अकरा. तुझं पण नको आणि माझं पण नको.

धातूशास्त्र_नापास
आणखी एक गोष्ट दुकानदार विचारेल, ब्राँझ का फॉस्फर ब्राँझ. पाकिटावर ८०/२० लिहिलेलं असतं त्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे नावाला ब्राँझ, खरं तर पितळच. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्यात थोडं कथील आणि चिमूटभर फॉस्फरस, ते डॅडारिओ कंपनीनं १९७४ मध्ये बाजारात आणलं. ८०/२० पहिल्यांदा लई चकचकीत वाजतं पण लवकर मरतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीला पण ओल येते, तिथं फॉस्फर ब्राँझच घे. आणि डॅडारिओ घेतलीस तर सहाही तारा एका पिशवीत येतात, गोळ्यांच्या रंगावरून ओळखायच्या, पितळी रंगाची सगळ्यात जाड आणि चंदेरी सगळ्यात बारकी.

काळी_एक
मी स्वतः पेटी वाजवतो, गिटार मुलगा वाजवतो. त्यामुळे आजोबांची बाजू घ्यायला मीच आहे बहुतेक इथे. आजोबा चुकीचं काही सांगत नाहीत. गिटारच्या सहा तारा जाडपासून बारीकपर्यंत म्हणजे पेटीच्या पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. तुम्ही लोक ज्याला ई, ए, डी, जी, बी, ई म्हणता तेच. आजोबांना फक्त पट्ट्या सांगा, ते भाता मारतील, तुम्ही खुंटी पिळा. एकच लक्षात ठेवा, जाड ई आणि बारीक ई यांच्यात दोन सप्तकांचं अंतर आहे, त्यामुळे चुकीच्या सप्तकातली पांढरी तीन धरून पिळत गेलात की तार तुटलीच म्हणून समजा.

रंकाळा_रिटर्न्स
काका म्हणजे आता गिटार लावायला पेटी आणि पेटी वाजवायला आजोबा. ॲप फुकट आहे ओ.

काळी_एक
आजोबा पण फुकटच आहेत. आणि त्यांना चार्जिंग लागत नाही.

बोटं_सोललेली
काकांनी धुतला 🔥 नाद करायचा नाय पेटीवाल्यांचा

सूर_की_असूर
सप्तकाची गोष्ट ॲपला पण लागू आहे. ॲपमध्ये क्रोमॅटिक मोड असेल तर ते नुसतं ई दाखवतं, कुठला ई ते बघत नाही. गिटार मोड लाव, त्यात तारेचा नंबर दिसतो. जाड ई ८२.४ हर्ट्झ, बारीक ई ३२९.६. आणि सुई नाचते ती तू जोरात मारतोस म्हणून. अंगठ्यानं हळू छेड, बाकीच्या पाच तारांवर हात ठेवून गप्प कर, पंखा बंद कर, एक क्षण थांब, सुई बसते. सेटिंगमध्ये ए सूर ४४० हर्ट्झवर आहे ना ते पण बघून घे, काही ॲपवर चुकून ४३२ झालेलं असतं मग दुसऱ्या कुणाबरोबर वाजवलं की अख्खी गिटार उतरलेली वाटते.

नेहमी खालून वर लावायची. सूर वर गेला तर परत पूर्ण खाली आण आणि मग वर चढव. वरून खाली येऊन थांबलास तर खुंटीच्या दात्यांमध्ये ढील राहते, दोन गाणी झाली की सूर उतरतो.

तिसरी_घंटा
कानानं लावायची पण एक पद्धत आहे की, सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेचा पाचवा फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) दाबला की पाचव्या मोकळ्या तारेचा सूर, असंच पुढं. फक्त तिसऱ्या तारेला चौथा फ्रेट दाबायचा, मग दुसरी तार मिळते. तिथं सगळे फसतात. मी कायम असंच लावतो, कान तयार होतो, ॲपवाल्यांचा कान कधीच तयार होत नाही.

सूर_की_असूर
@तिसरी_घंटा, कान तयार व्हायला पाहिजे हे बरोबर, पण शास्त्रीय ऐकलेला कान असेल तर गिटारवर उलटा त्रास होतो. तिसरी तार षड्ज धरली तर दुसरी तार तिचा शुद्ध गंधार. तंबोऱ्यातून जो गंधार ऐकू येतो तो गिटारच्या फ्रेटवरच्या गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट खाली असतो, एका अर्ध्या सुराचे १०० सेंट धरून. कानाला गोड लागेल असा लावला की जी कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम छेडायचे ठराविक सूर) एकदम मस्त वाजते आणि ई कॉर्ड धरली की दुसरी तार उतरलेली. फ्रेट सगळे सारख्या हिशोबानं ठोकलेत, तिथं प्रत्येक कॉर्ड थोडी थोडी बेसूर असते आणि तेच बरोबर असतं.

काळी_एक
हे मात्र खरं आहे. पेटीला हीच शिवी आयुष्यभर ऐकत आलोय. देवल क्लबसारख्या जुन्या गायनसंस्थेच्या गावात पेटी वाजवायची म्हणजे मागच्या रांगेतून एक तरी म्हणणार, पेटीत गंधार नाही हो.

तिसरी_घंटा
क्लब निघाला त्या १८८३ पासून तेच म्हणतायत काका, मनावर घेऊ नका. पण १४ सेंट आमच्या मंडळाच्या स्पीकरमधून ऐकू येतात का हा माझा प्रश्न आहे.

हवशी_वादक
थांबा थांबा. तारा आणल्या, अकराच्या, फॉस्फर ब्राँझ. सातवी_गल्ली दादांनी सांगितलं तसं करायला बसलो तर माझ्या गिटारला पिनाच नाहीत! तारा ब्रिजवरून पुढं जाऊन गिटारच्या ढुंगणावर एक पत्र्याची पट्टी आहे तिच्यात अडकवल्यात. ब्रिज लाकडाचा आहे आणि मला तर तो चिकटवलेला पण वाटत नाही. अजून काही काढलेलं नाही.

सातवी_गल्ली
आयला. काही काढू नको. माझं पिनांचं सगळं कॅन्सल.

मिरज_पॅसेंजर
बरं झालं विचारलंस. त्या पट्टीला टेलपीस म्हणतात, आणि ब्रिज चिकटवलेला नाहीच, तो नुसता तारांच्या दाबावर उभा आहे. कोलकात्याकडून आलेल्या स्वस्त गिटारमध्ये हा प्रकार भरपूर आहे, भारतात अर्ध्या घरांतल्या पहिल्या गिटारी असल्याच. सगळ्या तारा एकदम काढल्यास की ब्रिज घसरून हातात येणार, आणि तो कुठं होता ते कुणालाच माहीत नसणार.

आमचं घर सतारमेकर गल्लीजवळ, लहानपण सतारी-तंबोरे बघण्यात गेलंय. तंबोऱ्याची घोडी पण अशीच तारांच्या जोरावर बसलेली असते, त्यामुळे तिथले कारागीर सगळ्या तारा कधी एकदम सोडत नाहीत, सोडल्या तर आधी खूण करून. तू पण तेच कर. मऊ पेन्सिलीनं ब्रिजच्या दोन्ही टोकांना बारीक रेघ मार, पेन नको, पॉलिशवर राहतं. मग एक तार काढ, एक बसव, थोडी ताण, मग पुढची. तुझी पहिली तार आधीच नाहीये तर तिथूनच सुरू कर. खाली टेलपीसच्या खाचेत गोळी अडकव आणि ताण येईपर्यंत बोटानं धरून ठेव, ढिली असताना सटकते. वरचं सगळं सातवी_गल्लीनं सांगितलं तसंच.

पन्हाळा_साइड
म्हणजे त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आत्ता मिळालं, एवढ्या पोस्टींनंतर. एकेक.

सातवी_गल्ली
पिनवाल्या गिटारला सगळ्या एकदम काढल्या तर काही होत नाही, उलट फ्रेटबोर्ड पुसायला मिळतो. लोक मान वाकडी होईल म्हणून घाबरवतात, अर्ध्या तासात काही मान वाकडी होत नाही. पण ह्याच्या गिटारला एकेकच, मिरजकर बरोबर.

तिसरी_घंटा
मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ना? मग आता गिटारला पण मिळवा, मिरज-कोलकाता जॉइंट व्हेंचर.

मिरज_पॅसेंजर
मिळालं की. भोपळा अजून पंढरपूरकडूनच येतो. तुमची गिटार मात्र भोपळ्यात बसत नाही, बघू काही जमतंय का.

हवशी_वादक
झाल्या सहाच्या सहा. ब्रिज रेघेवरच आहे. ॲपवर बरोबर लावल्या पण पाच मिनिटांत सगळ्या उतरतात, परत लावल्या परत उतरल्या. खुंट्या खराब आहेत का?

बोटं_सोललेली
खुंट्या नाही रे, नवीन तारा. कोल्हापुरी चप्पल घेतल्यावर पायात रुळायला वेळ देतोस ना, तसंच. प्रत्येक तार ट्यून करून मधोमध बोटानं धरून हळूच वर ओढ, एक-दोन सेंटिमीटर, झटका नाही द्यायचा, मग परत ट्यून कर. ओढून सूर उतरायचा बंद होईपर्यंत.

रंकाळा_रिटर्न्स
चपलेला तेल पण लावतात. तारांना लावायचं का?

धातूशास्त्र_नापास
@रंकाळा नको रे बाबा, कुणीतरी खरंच खोबरेल लावेल. गुंडाळीत तेल आणि मळ बसला की तार मेली. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं वरून-खालून पुसायच्या, घामानं सगळ्यात जास्त सडतात. फ्रेटबोर्ड कोरडा पडला असेल तर गिटारचं लेमन ऑइल मिळतं, त्याचे दोन थेंब, ते पण लाकडाला आणि वर्षातून एखाद्या वेळी. आपल्या हवेत फ्रेटबोर्ड कोरडा पडायची काळजी एप्रिल-मे सोडला तर नाहीच.

सूर_की_असूर
उतरायचं अजून एक कारण, एक तार चढवली की बाकीच्यांवरचा ताण थोडा बदलतो, तुझ्या सुट्या ब्रिजला तर जास्तच. म्हणून सहावीपासून पहिलीपर्यंत गेलास की परत सहावीपासून, दोन-तीन फेऱ्या लागतात. आणि खुंटी फिरवताना सूर न हलता मध्येच टिंग करून उडी मारत असेल तर तार नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकतीय, तिथं शिसपेन्सिलीचा चुरा घास.

हवशी_वादक
टिंग होत होतं!! तिसऱ्या तारेला. पेन्सिल घासली, गेलं. आता मोकळ्या तारा ॲपवर एकदम बरोबर आहेत, पण डोक्याजवळच्या कॉर्ड बरोबर लागतात आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या पुढं गेलं की सगळं चढल्यासारखं वाटतं. हे १४ सेंटवालं आहे का?

सूर_की_असूर
नाही, १४ सेंटचा आणि याचा संबंध नाही. बाराव्या फ्रेटवर बघ. बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोब्बर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेड, घंटेसारखा सूर येईल तो ॲपवर बघ. मग तिथंच तार नीट दाबून छेड. दोन्ही एकच यायला पाहिजेत. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिज नटकडं सरकलेला आहे.

मिरज_पॅसेंजर
मामेभावानंच कधीतरी सरकवला असणार, आणि आपण त्याच्याच खुणेवर परत बसवला. सुटा ब्रिज आहे त्याचा हा फायदा, सरकवता येतो, चिकटवलेल्यांना हे सुख नाही. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज मागं, टेलपीसकडं. उतरलेला असेल तर पुढं. फक्त तारा थोड्या ढिल्या करून सरकव, पूर्ण ताणात ढकललास तर पॉलिशवर ओरखडा येईल. सुरुवातीला टेप घेऊन नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोज, तेवढंच अंतर बाराव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत ठेव आणि वर थोडं, जाड तारांच्या बाजूला बारक्यांपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त. म्हणजे ब्रिज किंचित तिरका दिसेल. तिरकाच बरोबर. त्यानंतर केसाएवढं सरकवून ॲपवर बघत राहायचं.

रंकाळा_रिटर्न्स
दुकानात दे म्हटलो होतो.

हवशी_वादक
@रंकाळा दुकानातल्यांनी हे केलं असतं का माहीत नाही, मी केलं 😎 ब्रिज मागं घेतला, दुसरी आणि पाचवी तार जरा इकडं-तिकडं आहे पण बाकी बरोबर. आजोबांना ऐकवली. ते म्हणाले सुरात आहे, आता माझ्या पेटीशी लाव. पेटीची पांढरी सहा ॲपवर दाखवली तर ४४६ येतंय. पेटी बेसूर आहे का? विचारायची हिंमत होईना.

काळी_एक
विचारू नका 😄 बेसूर नाही ती, जुन्या पेट्या ४४० ला नसतात कित्येकदा, आणि पत्त्या (आतल्या रीड) बदलून कुणी ४४० ला आणत बसत नाही. पेटी आपापसात सुरात असली म्हणजे झालं. गिटार हलवता येते, पेटी नाही, म्हणून पेटीबरोबर वाजवायचं असेल तेव्हा ॲपच्या सेटिंगमध्ये ४४० च्या जागी ४४६ करा आणि सहाही तारा परत लावा.

हवशी_वादक
भारी. आणि आजोबा भजन काळी एकमध्ये म्हणतात, मला सध्या सी, एफ, जी एवढ्याच कॉर्ड येतात (एफ पण अर्धीच).

सातवी_गल्ली
कॅपो घे, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. काळी एक म्हणजे सी शार्प, पहिल्या फ्रेटवर कॅपो लाव आणि तुझ्या त्याच सी, एफ, जी धर. फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागं चिकटून लावायचा, मधोमध नाही. लावल्यावर परत एकदा ॲपवर बघ, कॅपो तारा थोड्या ताणतो, जाड दोन नक्की चढलेल्या असतील.